जुन्या मोटारीचे मोल

जुनी वस्तू मोडीत काढावी की जतन करावी, हा प्रश्न आजवर घरापुरता होता. आता तो कायद्याच्या दारात येऊन उभा राहिला आहे. मुंबई-पुण्याच्या एखाद्या आवारात धूळ खात पडलेली प्रीमियर पद्मिनी आज मोबाईलच्या पडद्यावर विक्रीस मांडलेली दिसते. धाराशिव, तुळजापूर किंवा उमरग्याचा एखादा हौशी माणूस घरबसल्या सौदा ठरवतो, ट्रकवर लादून गाडी आणतो आणि गावच्या मिस्त्रीच्या मदतीने तिला पूर्वरूप देण्याचे मनात धरतो. हा रिकामटेकड्यांचा छंद म्हणून सोडून द्यावा, असे पुष्कळांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही.

शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट आणि पुढे पद्मिनी या नावाने बाहेर पडलेली ही १०८९ घन सेंटीमीटर इंजिनाची गाडी म्हणजे पैसे भरून वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहणाऱ्या मध्यमवर्गाचा इतिहास आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा हळहळ सर्वांनीच व्यक्त केली. परंतु हळहळीने पत्र्याचा गंज थांबत नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये दुर्मिळ वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले, हे स्वागतार्हच होते. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठे फेरफार न केलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना वेगळी क्रमांकपट्टी व दहा वर्षांची नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच मुभा आहे.

खरा प्रश्न पन्नास वर्षांच्या अटीचा आहे. १९९० सालच्या पद्मिनीला हा मान मिळण्यास २०४० साल उजाडावे लागेल. तोवर ती सर्वसाधारण जुनी गाडी. पंधरा वर्षांनंतर तिच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावयाचे. आणि त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेले. म्हणजे राजेरजवाड्यांच्या मोटारींना सन्मान आणि शिक्षक-कारकुनांच्या मोटारींना भंगाराची वाट, असा हा न्याय होतो. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना तीस वर्षांची मर्यादा मानते. जर्मनीतही तीस वर्षांनंतर स्वतंत्र क्रमांकपट्टी मिळते. आपल्याकडे तसे का होऊ नये?

जुन्या इंजिनांचा धूर अधिक विषारी असतो, हा आक्षेप खरा आहे आणि तो डावलता येणार नाही. परंतु त्याचे उत्तर कायद्यातच आहे. वापरावर आज पन्नास वर्षांच्या गाडीस जे बंधन आहे, तेच तीस वर्षांच्या गाडीसही घालावे. वर्षातून चार वेळा बाहेर पडणाऱ्या गाडीचा धूर रोज धावणाऱ्या गाडीच्या पासंगालाही पुरणार नाही.

यात जिल्ह्याचाही लाभ आहे. नळदुर्ग-उमरग्यावरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद मार्गालगत कार्ब्युरेटर उघडून साफ करणारे, हाताने पत्रा ठोकून आकार देणारे कारागीर अजून भेटतात. त्यांचे ज्ञान पुस्तकात नाही, हातात आहे. आणि तो हात थकत चालला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना अशा कारागिरांकडे पाठविले, तर एक विद्या वाचेल.

तोवर घेणाऱ्यानेही डोळसपणा सोडू नये. छायाचित्रातला रंग गंज झाकतो. आरसी बुकातील इंजिन व चेसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर ताडून पाहावेत, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते तपासावे, मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. कागदाविना आणलेली गाडी कितीही चकाकली, तरी ती अंगणातच उभी राहते. कागद पाहणे हे ग्राहकाचे काम. त्या कागदात सामान्यांच्या गाडीला जागा देणे हे सरकारचे काम आहे.