बालवाडीतला झाडू कोणाच्या हातात?

नवीन पनवेलच्या सेक्टरांत प्ले स्कूलच्या पाट्या ठिकठिकाणी दिसतात. पालक चौकशीला गेले की आधी चकचकीत फरशी दाखवतात, मग फीचा तक्ता. फरशी स्वच्छ हवीच. तीन वर्षांचं मूल जमिनीवर लोळतं आणि तोच हात तोंडात घालतं. वारंवार जुलाब झाले तर खाल्लेलं अंगी लागत नाही, मूल कुपोषणाकडे घसरतं. माझं भांडण स्वच्छतेशी नाही, ती कोणावर ढकलली जाते याच्याशी आहे.

शिकवणारी 'मिस', पुसणारी 'मावशी'. मुलाने चड्डी ओली केली की मिस जागेवरूनच हाक मारते. अक्षरं गिरवण्याआधी मूल हे गिरवतं की घाण करणारा वेगळा आणि काढणारा वेगळा. मावशी कोणत्या समाजाची, हे कोणी विचारत नाही. उत्तर बहुतेक वेळा ठाऊकच असतं. याला हाउसकीपिंग म्हटलं म्हणून त्यातली जात जात नाही.

सरकारी अंगणवाडीत तीच 'मदतनीस' होते. 1975 पासूनची योजना, पण तिला पगार नाही, 'मानधन'! 2018 मध्ये केंद्राने ते वाढवलं, तेही महिना 2250 रुपये. राज्य वर भर घालतं, पण कर्मचारी म्हणत नाही. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावा लागला.

वर उपदेश असतोच, 'वस्तीतली मुलं घाणेरडी येतात.' बाबासाहेबांनी 1942 मध्ये नागपुरात स्त्रियांना स्वच्छतेचा आग्रह धरला होता, हे आम्हाला ऐकवणारे 20 मार्च 1927 विसरतात. चवदार तळं याच रायगड जिल्ह्यातलं. आधी पाणी, मग स्वच्छता. वर्गात नळ नाही, पिंपाला झाकण नाही, संडासाला आणि वर्गाला एकच पोछा, आणि संस्कार मात्र आईचे काढायचे?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केलं. दलित वस्तीतल्या मुलांना आंघोळ घालणं तिथे शिक्षणाचाच भाग होतं. त्यांच्या दृष्टीत सुधारकी उपकार किती, हा वाद वेगळा. पण ते काम शिक्षिकेला कमीपणाचं नव्हतं.

म्हणून पोछा मिसनेही धरावा. सांडलेलं मुलांनी पुसावं, पाळीपाळीने, सगळ्या आडनावांच्या. मावशीला हातमोजे, किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी मिळावा. पुढच्या पालकसभेत फरशीबद्दल विचाराल तेव्हा तिचा पगारही विचारा, तिच्यासमोर.