काळा पडलेला मका जातो कुठं?

परतीचा पाऊस झाला की आम्हा पत्रकारांची एक बातमी ठरलेली. मका भिजला, भाव पडला. पण तो काळा-हिरवा पडलेला मका पुढं कुठं जातो, हे कुणी विचारत नाही. फेकून तर कुणी देत नाही ना! स्वस्तात उचलला जातो, भरडला जातो आणि जनावराच्या पुढ्यात पडतो. त्यातलाही सगळ्यात वाईट माल डुकराला. "डुकराला काय, काहीही चालतं!"

नाही चालत, मंडळी. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटातले जिवाणू बुरशीची काही विषं मोडून टाकतात. डुकराला ती सोय नाही. झिरॅलेनोन नावाचं विष मादीच्या शरीरात हार्मोनसारखं वागतं. लहान माद्यांची योनी लाल होऊन सुजते, माजावर आल्यासारखं दिसतं, पण गाभ राहत नाही. दुसरं एक विष पोटात गेलं की डुक्कर खाद्याला तोंड लावत नाही, ओकतं. अफ्लाटॉक्सिन यकृत खातं, वाढ खुंटते, प्रतिकारशक्ती घटते. मग शेतकरी कधी नराला दोष देतो, कधी लसीला. पोत्याकडं कुणी बघत नाही.

आणि मका उन्हात घातला, शिजवला म्हणून सुटका नाही. बुरशी मरते, तिनं आधीच तयार केलेलं विष बहुतांश तसंच राहतं. दाणा वरून बरा दिसला तरी.

१९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात असाच बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. घरचं तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. त्यामुळं हा फक्त डुकराचा प्रश्न आहे असं समजू नका.

कुणी म्हणेल, खराब मका इथेनॉलला द्या. द्या की! पण अल्कोहोल निघून जातं, विष चोथ्यात उरतं, तेही जवळपास तिप्पट दाट होऊन. आणि तो चोथा, म्हणजे डीडीजीएस, परत पशुखाद्यातच येतो. फिरून तिथंच.

राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला ५० टक्के, कमाल ३० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. चांगलंच आहे. कर्ज काढून पोरं या धंद्यात उतरतायत. शेड होतं, जातिवंत माद्या येतात. पण पोत्यातला मका तपासायचा कुणी? ज्याच्याकडं दहा माद्या आहेत तो प्रत्येक पोत्याचा नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत थोडाच पाठवणार?

माझं म्हणणं एवढंच, की तपासणी बाजार समितीच्या गेटवर करा. ओलावा १४ टक्क्यांच्या वर असेल तर आधी वाळवायची सोय द्या, नुसता भाव पाडू नका. अफ्लाटॉक्सिन तपासायच्या पट्ट्या मिळतात, काही मिनिटांत निकाल येतो. सेस तर दर गाडीमागं घेताच. त्यातून या हंगामात निदान पट्ट्या तरी घ्या.