परदेशातल्या लेकरांचे सुतक

घरातले माणूस गेले की सातारा-सांगलीकडे पहिला प्रश्न असतो, कोणासाठी थांबायचे? मुलगी पुण्यात असेल तर तीन-चार तास थांबतात, मुंबईत असेल तर दिवसभर. मुलगा न्यू जर्सीत असेल तर नुसत्या प्रवासालाच दिवस उलटतो, आणि त्याचा व्हिसा संपलेला असेल तर वाट पाहण्याला अर्थच उरत नाही. मरणाचे वेळापत्रक तासांचे असते, व्हिसाचे महिन्यांचे. या दोहोंच्या कात्रीत सापडलेली घरे आता दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत.

हिंदू घरांत अंत्यविधी बहुधा त्याच दिवशी उरकतात. साताऱ्यात कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला, सांगलीत अमरधामला, कराडला कृष्णाकाठी. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होते, दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहतात, बाराव्या-तेराव्याला उत्तरकार्य. मिरजेतल्या मुस्लिम घरांत दफनाला उशीर करत नाहीत, तिसऱ्या दिवशी जियारत होते. लिंगायत समाजात मृताला बसवून समाधी देतात. विधी निरनिराळे असले तरी हे दिवस माणसांना एकत्र बसवतात, गेलेल्याविषयी बोलायला लावतात आणि हळूहळू पुन्हा कामाला जुंपतात. दूर अडकलेल्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. बातमी फोनवर येते, अंत्यदर्शन व्हिडिओ कॉलवर होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कामावर हजर व्हावे लागते.

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मधले, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मधले. शेतकऱ्याची, शिक्षकाची, साखर कारखान्यातल्या कामगाराची मुले इथून शिकून बाहेर पडली आणि त्यांतली बरीच अमेरिकेत गेली. तिथे ती एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर राहतात. हा व्हिसा तीन वर्षांचा असतो आणि पुढे वाढवून मिळतो. अडचण या वाढवण्यातच आहे. मुक्कामाची मुदत कंपनीच्या अर्जावर अमेरिकेत वाढते, पण पासपोर्टवरचा व्हिसा जुनाच राहतो. माणूस तिथे पूर्ण कायदेशीर असतो, मात्र एकदा देशाबाहेर पडला की परत आत जाण्यासाठी वकिलातीतून नवा व्हिसा घ्यावा लागतो. यालाच सगळे स्टॅम्पिंग म्हणतात. महाराष्ट्रासाठी ते काम मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत चालते. तिथली तारीख लांबली की वडिलांच्या दहाव्याला आलेला मुलगा गावातच अडकतो. तिकडे घराचे हप्ते, मुलांची शाळा आणि नोकरी टांगणीला लागते. म्हणून कित्येक जण येतच नाहीत. न येण्याचे कारण मायेचा अभाव नसतो, हे इथल्या नातेवाइकांनी मनाशी पक्के धरायला हवे.

ग्रीन कार्ड मिळाले असते तर ही अडचण उरली नसती. पण नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे निघतात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा आहे. भारतातून जाणारे जास्त, म्हणून रांग लांब. २०२५ च्या उन्हाळ्यात उच्चशिक्षितांच्या दुसऱ्या श्रेणीत ज्या भारतीयांचा नंबर लागत होता, त्यांचे अर्ज २०१३ च्या आधीचे होते. शेवटच्या टप्प्यातला अर्ज प्रलंबित असताना आगाऊ प्रवास परवाना न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असे धरतात. वैध एच-१बी असणाऱ्यांना यातून सूट आहे. जवळचे कोणी वारले तर हा परवाना तातडीने मागता येतो, पण त्यासाठी इमिग्रेशन कार्यालयात खेटे घालावे लागतात आणि तेवढ्यात इकडे सारे आटोपलेले असते.

भाऊ-बहिणींची रांग त्याहून लांब आहे. अमेरिकी नागरिक झालेल्या भावाने सांगलीतल्या बहिणीसाठी अर्ज केला, तर नंबर लागायला पंधरा वर्षांहून जास्त काळ जातो. मधल्या काळात भाऊच गेला, तर त्याचा अर्जही सहसा रद्द होतो. तो माणुसकीच्या कारणावरून पुन्हा जिवंत करावा अशी विनंती बहिणीला करता येते, मात्र ती मान्य होईलच असे नाही. भावाचे दुःख आणि इतक्या वर्षांची रांग वाया जाणे तिला एकदमच सोसावे लागते.

इकडून तिकडे जाणेही सोपे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी ९९९ दिवसांची प्रतीक्षा दाखवली जात होती. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक अर्जदारांना प्रत्यक्ष मुलाखत सक्तीची झाली. डिसेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी वाढवल्यावर भारतातल्या अनेक एच-१बी धारकांच्या ठरलेल्या तारखा कित्येक महिने पुढे गेल्या. थोड्या दिवसांसाठी घरी आलेली माणसे इथेच खोळंबली.

कोरोनाच्या काळात हीच वेळ जगभरच्या घरांवर आली. १३ मार्च २०२० पासून भारताने परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांच्या ओसीआय कार्डावरचा प्रवेश स्थगित केला, तेव्हा जन्मदात्यांच्या शेवटच्या भेटीचा रस्ताही बंद झाला. कुटुंबात मृत्यू झालेल्यांना २२ मे २०२० रोजी सूट मिळाली. मे २०२१ मध्ये अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बिगर-स्थलांतरितांवर बंदी घातली, ती नोव्हेंबरपर्यंत टिकली. ऑस्ट्रेलियाने त्याच मे महिन्यात काही दिवस भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही शिक्षेचा धाक घातला. राज्यात इतरत्र दुसरी लाट ओसरत असताना सातारा आणि सांगलीत जून-जुलैपर्यंत रुग्ण वाढतच होते. त्या महिन्यांत परदेशातल्या किती लेकरांनी आईवडिलांची चिता फोनच्या पडद्यावर पाहिली, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

मृत्यू परदेशात झाला तर कागद आणखी वाढतात. तिथला मृत्यूचा दाखला, शव टिकवण्याच्या प्रक्रियेचे प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि भारतीय दूतावासाचे ना हरकत पत्र लागते. ऑगस्ट २०२३ पासून भारतातल्या विमानतळावरची आरोग्य परवानगी ई-केअर या सरकारी पोर्टलवर मिळते. ऐपत नसलेल्यांना पार्थिव आणण्याचा खर्च दूतावासाच्या समाजकल्याण निधीतून मिळू शकतो. याहून कठीण गोष्ट मागे राहिलेल्या पत्नीची. पतीच्या एच-१बीवर तिचा आणि मुलांचा मुक्काम अवलंबून असतो आणि तो त्याच्याबरोबरच संपतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथा शहरात अभियंता श्रीनिवास कुचिभोतला यांचा गोळीबारात बळी गेला. अंत्यसंस्कारासाठी त्यांच्या पत्नी हैदराबादला आल्या, पण परत जाण्याचा त्यांचा हक्क उरला नव्हता. तिथल्या एका लोकप्रतिनिधीने मदत केली तेव्हा त्यांना तात्पुरता परवाना मिळाला.

परगावी, परमुलखी गेलेल्यांचे मरण या भागाला नवे नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. घरच्यांच्या हातून त्यांची माती झाली नाही, तरी गावाने त्यांची आठवण आजवर जपली आहे. दूर असणाऱ्याचा विचार धर्मशास्त्रानेही केला आहे. आईवडील गेल्याची बातमी दूरदेशीच्या मुलाला कितीही उशिरा कळली, तरी कळल्या दिवसापासून त्याने दहा दिवसांचे सुतक धरावे, असा निर्णय निर्णयसिंधु आणि धर्मसिंधु या ग्रंथांनी स्वीकारला आहे. निर्णयसिंधु १६१२ मधला, आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी धर्मसिंधु लिहिला तो १७९० मध्ये. दूरच्या मुलाचा शोक उशिरा सुरू होतो आणि त्याला पुरते दिवस मिळाले पाहिजेत, हे जुन्या जाणत्यांना मान्य होते. आज हे दिवस त्याला कंपनी देत नाही, वकिलात देत नाही आणि पुष्कळदा घरचेही देत नाहीत.

या शोकाचे काही धोके ओळखून ठेवावे लागतात. ज्याने प्रेत पाहिले नाही, खांदा दिला नाही, त्याच्या मनाला मरण पटायला वेळ लागतो. सुट्टीला गावी आल्यावर वडिलांची रिकामी खाट पाहून तो कोसळतो, आणि तोवर घरातले इतर सावरलेले असतात. इकडे आजारपण काढलेल्या भावाच्या किंवा वहिनीच्या मनात राग साठलेला असतो, तिकडच्याच्या मनात अपराधीपणा. दोघेही बोलत नाहीत. पुढे वारसनोंदीच्या आणि सात-बाराच्या वेळी तोच राग निराळे रूप घेऊन वर येतो.

यातले पुष्कळ घरच्यांच्या हातात आहे. पहिली गोष्ट, आजारपण लपवू नये. ‘कशाला त्याला काळजी लावायची’ म्हणून आईचा कर्करोग मुलापासून दडवणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. पण व्हिसाची तातडीची तारीख डॉक्टरांच्या पत्रावर मागता येते आणि जिवंतपणीची चार दिवसांची भेट तेराव्याच्या धावपळीपेक्षा फार मोलाची असते. परदेशात जन्मलेल्या नातवंडांची ओसीआय कार्डे वेळेवर काढावीत आणि आईवडिलांचा पर्यटक व्हिसा त्यांची तब्येत चांगली असतानाच घ्यावा. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत २१ दिवसांत करायची असली तरी ती लगेच करावी, कारण तिकडच्या अर्जाला तोच दाखला लागतो. मिळकतीच्या कामांसाठी मुलाने भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवले तर सहीसाठी कोणाचा खोळंबा होत नाही.

विधीतही दूरच्याला वाटा देता येतो. अग्नी मुलीने किंवा पुतण्याने द्यावा, थोड्या अस्थी राखून ठेवाव्यात, आणि तो येईल तेव्हा माहुलीच्या किंवा हरिपूरच्या संगमावर त्याच्या हातून विसर्जन करावे. वर्षश्राद्धाला तो येऊ शकत असेल तर ते त्याच्या सोयीने ठरवावे आणि त्या दिवशी त्याला मनसोक्त बोलू द्यावे.

उरलेले काम सरकारांचे आहे. तातडीच्या तारखा आजही मिळतात, पण त्या वकिलातीच्या मर्जीवर मिळतात. आईवडील, जोडीदार, भावंड किंवा मूल दगावल्याच्या कारणाने आलेल्या अर्जावर ठरावीक दिवसांत निर्णय व्हावा आणि अंत्यविधीला जाऊन आलेल्याचा परतीचा हक्क शाबूत राहावा, एवढीच मागणी आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांनी ती परराष्ट्र मंत्रालयापुढे मांडावी आणि मंत्रालयाने ती अमेरिकेशी होणाऱ्या बोलण्यांत लावून धरावी.