शेजार कोण बांधणार?

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या एका खोलीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या हाती ५०० चौरस फुटांचे, स्वतःचे संडास-न्हाणीघर असलेले घर आले. सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना, विशेषतः बायकांना, या किल्लीचे मोल सांगायला नको. चाळीत न राहणाऱ्यांनी चाळीचे गोडवे गाऊ नयेत, हेही खरेच. तरीही एक प्रश्न उरतो. क्षेत्रफळ मोजून देता येते. पण इतक्या वर्षांत माणसांनी एकमेकांशी जोडलेली नाती या उंच इमारतींत टिकतील काय?

प्रश्न एकट्या वरळीचा नाही. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी त्याच वाटेवर आहेत. गिरगावातल्या चाळी, पुण्यातले वाडे, उपनगरांतल्या जुन्या सोसायट्या, सर्वत्र पुनर्विकासाचे वारे आहे. अशा वेळी नाती मुळात जुळतात कशी, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

स्वभाव जुळला की मैत्री होते, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत लिऑन फेस्टिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. तेथे घरे मिळाली ती आवडीनिवडी पाहून नव्हे. तरीही लगतच्या दारातल्या ४१ टक्के शेजाऱ्यांमध्ये जवळची मैत्री झाली होती. एक दार सोडून राहणाऱ्यांत २२ टक्के, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत अवघी १० टक्के. अंतर काही पावलांचेच होते. पण रोज समोरासमोर येणे आणि मुद्दाम उठून जाणे यांत फरक पडतो. जिन्यापाशी आणि टपालपेट्यांपाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख वाढली होती. म्हणजे आधी गाठ पडते आणि मन पुष्कळदा मागाहून जुळते.

बीडीडी चाळीची रचना आठवून पाहा. १९२० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या, त्या कामगारांसाठी, कमीत कमी जागेत जास्तीत जास्त माणसे बसवण्याच्या हिशेबाने. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून जाणारी सामाईक वाट आणि सामाईक नळ. शेजार वाढावा हा हेतू त्यात नव्हता. पण त्या वाटेवरून जाता-येता दिवसातून दहा वेळा गाठ पडे आणि खोलीत जागा नसल्याने निम्मा संसार दाराबाहेर मांडला जाई. नाते जुळायला लागणारा वेळ असा नकळत मिळत गेला. हा वेळ थोडाथोडका नसतो. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाने २०१८ साली मांडलेल्या अंदाजानुसार ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो आणि जिवाभावाच्या मैत्रीला २०० तासांहून अधिक.

सहवासाला जोड लागते ती छोट्या देवाणघेवाणीची. शेजारून वाटीभर साखर आणली, तर वाटी रिकामी परत करायची नाही, हा आपल्या घरोघरचा रिवाज. त्या वाटीत चिमूटभर काही घालून दिले, की पुन्हा ती वाटी इकडे येणार. या हिशेबात शिल्लक शून्य कधी होत नाही आणि म्हणूनच संबंध चालू राहतो. आज साखर दहा मिनिटांत दारात येते. सोय मोठीच आहे. पण पैसे चुकते झाले की त्या व्यवहारात मागे काही उरत नाही.

मात्र जवळ राहिले की प्रेम वाढतेच, असेही नाही. अतिपरिचयाने अवज्ञा होते, भांड्याला भांडे लागते. जानेवारी १९७४ मध्ये याच वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि शेजारी शेजाऱ्यावर उठला. याच्या वीस वर्षे आधी, १९५४ साली, गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने बजावले होते, की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाहीत. त्यासाठी बरोबरीचा दर्जा, समान ध्येय आणि एकत्र काम लागते. चाळीतल्या उत्सव मंडळांत, क्रीडा मंडळांत, संपाच्या काळात जिथे असे काम झाले, तिथे जात आणि गाव यांच्या पलीकडची नाती निर्माण झाली. जिथे झाले नाही, तिथे भिंतीला भिंत असूनही दुरावा राहिला.

ही भावुकतेची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात सहापैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध एकाकीपणाशी लावता येतो. उंच इमारतीत मुले-सुना कामावर गेल्यावर दार लावून बसणाऱ्या आजी-आजोबांना हे आकडे सांगावे लागत नाहीत.

मग करायचे काय? पुनर्विकासात घराचा क्रमांक सोडतीने ठरतो, तेव्हा शेजारीही सोडतीनेच ठरतो. ज्या कुटुंबांना एका मजल्यावर राहायचे आहे, त्यांना गटाने अर्ज करू देणे अशक्य नाही. लिफ्टपुढच्या जागेत दोन बाकडी, मजल्यामजल्यावर थोडी मोकळी जागा, भाड्याची पावती न फाडता बसता येईल असे सभागृह, यांचा खर्च टॉवरच्या खर्चापुढे किती? आराखड्यावर सही करण्यापूर्वी रहिवाशांनी चौरस फुटांबरोबर एवढे तरी विचारावे.

बाकीचे काम वास्तुविशारदाचे नाही. फ्लॅटमध्ये वीस वर्षे काढूनही समोरच्या दारावरच्या पाटीपलीकडे ज्यांची ओळख गेली नाही, अशी घरे आपल्यापैकी अनेकांची आहेत. त्या दाराची बेल वाजवायला निमित्त लागत असेल, तर वाटीभर साखर अजूनही पुरेल.