छाटणीची वेळ

गुलाबाची छाटणी केव्हा करावी, हा प्रश्न वरकरणी अगदी साधा वाटतो. इंग्लंडमध्ये लिहिलेले बागकामाचे पुस्तक उघडले, तर त्याचे उत्तर सामान्यतः एकच मिळते : थंडी सरताना, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. हे उत्तर चुकीचे नाही. त्या देशातील कडक हिवाळ्यात गुलाबाचे झाड जणू झोपी गेलेले असते. थंडी ओसरू लागली, की फांदीवरचे डोळे फुगू लागतात. नेमक्या त्याच वेळी जुन्या व रोगट फांद्या काढून टाकल्या, म्हणजे नवी वाढ जोमाने होते.

परंतु हाच सल्ला प्रमाण मानून कोणी दिल्लीत किंवा पुण्यात फेब्रुवारीत सारे झाड छाटून टाकले, तर काय होईल? ऐन बहरातले झाड बोडके होईल. छाटणीपासून फुले येण्यास साधारणपणे सहा ते आठ आठवडे लागतात. त्यामुळे नव्या कळ्या उमलतील त्या एप्रिलच्या उन्हात. फुले लहान राहतील, पाकळ्यांच्या कडा करपतील आणि दोन दिवसांत फूल गळून जाईल. भारताच्या मैदानी प्रदेशात हिवाळा हा गुलाबाच्या विश्रांतीचा काळ नसून बहराचा काळ असतो. म्हणून येथे पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी करतात. चंडीगडच्या झाकिर हुसेन गुलाब उद्यानातील प्रसिद्ध गुलाब महोत्सव फेब्रुवारीत भरतो, तो याच कारणाने. शिमला किंवा श्रीनगर येथे मात्र थंडी सरतानाची वेळच योग्य ठरते. एकाच देशात, एकाच झाडाची वेळ अशी गावोगावी बदलते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ज्ञान खरे असले, तरी ते कोणत्या मातीत आणि कोणत्या हवेत खरे आहे, हे जाणून घ्यावे लागते. ही जाण देणारी माणसे बहुधा जवळपासच असतात. अनेक शहरांत बागप्रेमींची मंडळे असतात. सुटीच्या दिवशी कोणाच्या तरी बागेत सभासद जमतात, एकमेकांची झाडे पाहतात, रोपांची देवाणघेवाण करतात आणि आपल्या चुकाही मोकळेपणाने सांगतात. प्रौढ माणसाला शिकण्यासाठी याहून चांगली शाळा क्वचितच मिळेल.

मैदानी प्रदेशात थंडी सरताना गुलाबाची जी निगा राखावी लागते, तिचेच उदाहरण घ्यावे. सुकलेले फूल नुसते खुडून चालत नाही. त्याच्याखालच्या पाच पर्णिकांच्या सशक्त पानापर्यंत देठ कापला, तर तेथून चांगला फुटवा येतो. हवा उबदार होऊ लागली, की कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसू लागतो आणि पानांवर भुरीचा पांढरा थर चढतो. या गोष्टी पुस्तकातही वाचायला मिळतात. पण कलमी गुलाबाच्या जोडाखालून, म्हणजे खुंटावरून येणारा फुटवा कसा ओळखावा, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नीट उमजत नाही. तो फुटवा सरळ, उंच आणि तजेलदार असतो. नवशिक्याला त्याचे कौतुक वाटते; तो त्याला आणखी खत घालतो. जंगली खुंट मात्र सारे पोषण स्वतःकडे ओढून घेतो आणि हौसेने आणलेला गुलाब एक-दोन वर्षांत संपून जातो. जाणकार माणूस बोटाने माती बाजूला करतो, फुटव्याचा उगम दाखवतो आणि तो मुळाशीच ओढून काढतो. जमिनीलगत नुसता कापला, तर तो पुन्हा फुटतो. हे काम एकदा पाहिलेला शिकाऊ ते सहसा विसरत नाही.

हौसेने शिकणाऱ्यांनी या क्षेत्रात किती मोठे काम केले आहे, याची साक्ष डॉ. बी. पी. पाल यांच्या कार्यातून मिळते. ते गव्हाचे थोर संशोधक होते आणि 1965 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. गुलाब हा त्यांचा छंद होता. त्यांनी ‘दिल्ली प्रिन्सेस’सारखे नवे वाण निर्माण केले आणि भारतातील गुलाबावर 1966 मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीय हवेत गुलाब कसा वाढतो, याचा विचार येथल्याच बागांत राबून करावा लागतो, हे त्यांच्या उदाहरणाने दाखवून दिले.

आता कोणी म्हणेल, की कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका आणि हातातल्या फोनवरची माहिती असताना मंडळांची गरज काय? माहिती आवश्यक आहे, यात शंका नाही. पण डोळा भरताना खुंटाची साल अलगद सुटते की चिकटून राहते, हे बोटांनाच कळावे लागते. चुकलेला काप पाहून ‘असा नव्हे, असा’ म्हणणारे माणूस शेजारी उभे असावे लागते.

मात्र ही मंडळे आपले दार किती उघडे ठेवतात, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बहुतेक मंडळे बंगल्यांच्या वस्तीत जन्मली. त्यांचा पुष्कळसा कारभार इंग्रजीत चालतो. पुष्पप्रदर्शनात बक्षीस मिळालेल्या फुलाच्या चिठ्ठीवर बहुधा बागेच्या मालकाचे नाव असते. पहाटे उठून त्या झाडाला पाणी घालणारा, खुंटाचा फुटवा वेळीच काढणारा माळी मागे कोठेतरी उभा असतो. त्याने शाळेची पायरी चढलेली नसेल, पण मंडळातील बहुतेकांना जे शिकायचे आहे, ते त्याच्या हातात आहे. त्याला सभासद करून घ्यावे, प्रात्यक्षिक त्याच्याकडून करवून घ्यावे, चर्चा लोकांच्या भाषेत व्हावी आणि चिठ्ठीवर मालकाच्या शेजारी त्याचेही नाव लिहावे. चाळीच्या गॅलरीत एकच कुंडी असलेल्या माणसालाही तेथे संकोच वाटू नये. यात माळ्यावर उपकार होत नाहीत. फायदा मंडळाचाच होतो.

काही कारणाने शिक्षण मागे राहिलेल्या माणसाला वाटते, की आपली वेळ निघून गेली. गुलाबाच्या बागेत असा माणूस एकाच वेळी शिकणाराही असतो आणि शिकवणाराही. खताच्या पुडीवरचा मजकूर त्याला दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागेल, पण ओली माती मुठीत धरून पाणी पुरे झाले की नाही, हे तो दुसऱ्याला सांगू शकेल. दिल्लीत ऑक्टोबरमध्ये आणि शिमल्यात मार्चमध्ये छाटलेला गुलाब आपापल्या हंगामात सारखाच फुलतो. शिक्षणाचा हंगामही सर्वांसाठी एकाच वयात येत नाही. तो येईल तेव्हा शेजारी कोणीतरी जाणता उभा असावा, एवढी सोय समाजाने केली पाहिजे.