शेळीचा पाला घराजवळ हवा

१३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा परिसरात सीटी-१ नावाचा वाघ बेशुद्ध करून पकडण्यात आला. तोपर्यंत गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर मिळून तेरा माणसांचा जीव गेला होता. वाघ पिंजऱ्यात गेला की बातमी संपते. माणसे जंगलात कशासाठी जातात, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. मोहफुलांचा हंगाम महिना-दीड महिन्याचा, तेंदूपानांचा त्याहून लहान. शेळीला पाला मात्र वर्षाचे बाराही महिने लागतो. तिच्यामागे सहसा घरातला म्हातारा, एखादी बाई किंवा शाळा सुटलेले पोर जाते. डहाळी तोडायला वाकलेला माणूस वाघाला माणूस म्हणून ओळखू येतो की नाही, याचीही शंका आहे.

म्हणून शेळीचा चारा हा या दोन जिल्ह्यांत पशुसंवर्धनाइतकाच सार्वजनिक आरोग्याचाही विषय आहे.

सरकारी योजनेतून दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळतो. तीस किलोच्या शेळीला दिवसाला तीन ते चार किलो ओला पाला लागतो. म्हणजे गटाला रोज चाळीस किलोच्या आसपास. शेळ्यांचे फोटो निघतात. हे चाळीस किलो कुठून येणार, हे कागदावर कुठेच नसते. ते जंगलातून येणार, हे सगळ्यांनी न बोलता गृहीत धरलेले असते.

वास्तविक जागा आहे. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तूर लावत आला. त्याच धुऱ्यावर आणि परसात शेवगा, हादगा, गिरिपुष्प, सुबाभूळ, बोर, उंबर लावता येतात. रोपे वर्षभर जपावी लागतात, कारण शेळीचे तोंड लागले की कोवळे रोप गेलेच. नंतर कंबरेइतक्या उंचीवर छाटत राहिले, तर पावसाळ्यात दर दोनेक महिन्यांनी फुटवा मिळतो. चाळीस किलोंचा निम्मा भार झाडांनी उचलायचा तरी ती शेकड्यांनी हवीत, हे आधीच सांगितलेले बरे. चार रोपे लावून फोटो काढण्याचे हे काम नाही.

झाडाच्या पाल्याचा आणखी एक फायदा शेळीच्या पोटात दिसतो. शेळी मुळात गवत खुरडणारी नाही, ती मान वर करून पाला खाणारी आहे. रक्त पिणाऱ्या जंतांची पिल्ले गवताच्या खालच्या चार-सहा इंचांत असतात. उंचावरचा पाला खाणारी शेळी त्यांच्यातून बऱ्यापैकी सुटते. बाभळीसारख्या तुरट पाल्यातील टॅनिनमुळे जंतांचा भार कमी होतो, असेही प्रयोगांत दिसले आहे. शेळी जंतांनी पोखरली आहे का, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. दवाखान्यात डॉक्टर रुग्णाची खालची पापणी ओढून पाहतात, तशीच शेळीची पाहावी. आतून लालसर असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर पशुवैद्यकाकडे न्यावी.

सुबाभळीबाबत जरा थांबून बोलायला हवे. १९७० च्या दशकात उरुळीकांचनच्या बाएफने, मणिभाई देसाईंच्या पुढाकाराने, ती महाराष्ट्रात पसरवली. तिच्या पाल्यात प्रथिने भरपूर, पण मिमोसिन नावाचे विषही असते. नुसत्या सुबाभळीवर ठेवलेल्या जनावराचे केस गळतात, गळ्याशी गाठ येते. ऑस्ट्रेलियात हे घडत होते आणि हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन धडधाकट होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने याचे कारण शोधले. हवाईच्या शेळ्यांच्या पोटात हे विष पचवणारे जिवाणू निघाले. ते ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांना दिले गेले आणि पुढे एका जिवाणूला जोन्स यांचेच नाव मिळाले. आपल्याकडे सोपा उपाय हा की, एकूण चाऱ्यात सुबाभूळ एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. शेंगा वाळण्याआधी छाटणीही हवी, नाहीतर हीच सुबाभूळ जंगलाच्या काठावर माजते.

शेळ्या घरी बांधल्या की वाघाची भीती कमी होते आणि बिबट्याची वाढते, हेही खरे. कुडाचा कोठा बिबट्याला अडवत नाही. चारही बाजूंनी आणि वरूनही लोखंडी जाळी हवी, आणि योजनेच्या खर्चात शेळीआधी ती धरायला हवी. बिबट्याच्या धाकाने शेळ्या माणसांच्याच खोलीत बांधणे हा उपाय नव्हे. लेंड्या, मूत्र, गोचीड आणि तान्ही मुले एका छताखाली नकोत.

दुधाबद्दल या भागात श्रद्धा फार. वर्ध्याच्या शेजारचे आपण, गांधीजींची शेळी सगळ्यांना ठाऊक. दूध चांगले आहेच, पण त्यात फोलिक ॲसिड गायीच्या दुधापेक्षा फारच कमी असते. नुसत्या शेळीच्या दुधावर वाढवलेल्या तान्ह्या बाळाला रक्तक्षय होतो. सहा महिने आईचेच दूध, याला पर्याय नाही. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे त्याला फोलिक ॲसिड जास्तच लागते. शेळीचे दूध सुरू केले म्हणून त्याची गोळी बंद करणे धोक्याचे आहे.

कच्चे दूध तर नकोच. माल्टा बेटावरच्या ब्रिटिश सैनिकांना येणाऱ्या चिवट तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला. तो शेळीच्या दुधातून येतो, हे थेमिस्टोक्लीस झामित यांना १९०५ मध्ये उमगले. आज त्याला ब्रुसेलोसिस म्हणतात. आठवडेच्या आठवडे चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी अशी त्याची लक्षणे. गडचिरोलीत ताप म्हटला की आधी मलेरिया आठवतो आणि तपासणी त्याचीच आधी व्हावी. पण मलेरिया नाही असे निघूनही ताप हटत नसेल, तर घरी शेळ्या आहेत का आणि एखादी गाभडली होती का, हे डॉक्टरांनी विचारावे आणि रुग्णाने आपणहून सांगावे. गाभडलेल्या शेळीची वार उघड्या हाताने उचलू नये; हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ती खोल पुरावी.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, आणि त्यानंतर अशा गावांची या जिल्ह्यात मोठी रांग लागली. जंगलाचा कोणता तुकडा चराईला खुला, कोणता बंद आणि पाल्याची झाडे कुठे, हे ठरवणे आता या ग्रामसभांच्या हाती आहे. रोजगार हमीतून बांधावर झाडे लावता येतात. रोपे जूनमध्ये हवीत, तर त्यांची मागणी उन्हाळ्यातल्या ग्रामसभेतच नोंदवावी लागेल. पशुसंवर्धन विभागाने शेळ्यांचा गट त्यानंतर वर्षभराने द्यावा, धुऱ्यावरची झाडे मोजून.