आकडा मोठा, म्हणून गेम मोठा?

एमएचटी-सीईटीचे ९५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी ९५ गुण नव्हेत, हे लातूर-नांदेडच्या शिकवणीतल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. पण तेच पोरगं गेम निवडायला बसलं की स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातले ९५ टक्के, मेटाक्रिटिक या समीक्षा-साइटवरचे दहापैकी ८ गुण आणि प्ले स्टोअरवरचे ४.३ तारे एकाच तागडीत घालतं. ज्याचा आकडा मोठा तो गेम भारी, हा एक पक्ष. 'रेटिंग म्हणजे सगळा भंपकपणा', हा दुसरा. दोन्ही टिकत नाहीत.

पहिला पक्ष घ्या. स्टीम गुण विचारतच नाही. गेम इतरांना सुचवाल की नाही, एवढंच विचारतं. शंभर जणांना गेम 'बरा आहे, खेळायला हरकत नाही' वाटला, तरी निकाल १०० टक्के. दहापैकी मात्र त्यांनी सहाच दिले असते. उलट ७५ जणांनी दहापैकी दहा आणि वैतागलेल्या २५ जणांनी दोन-दोन दिले असते, तर सरासरी ८. स्टीमवर मात्र ७५ टक्केच. प्ले स्टोअरचं गणित आणखी निराळं. २०१९पासून तिथे अलीकडच्या ताऱ्यांना जास्त वजन आहे आणि २०२१च्या अखेरीपासून रेटिंग देशानुसार दिसतं. एकाच गेमचे तारे नांदेडला एक आणि न्यू जर्सीला दुसरेच दिसू शकतात.

दुसऱ्या पक्षाकडे पुरावे आहेत, हे मान्य. जून २०२०मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' आला. समीक्षकांनी शंभरपैकी नव्वदीपार गुण दिले आणि मेटाक्रिटिकवर लोकांचे शून्य पहिल्याच दिवशी कोसळू लागले. गेम संपवायला वीसहून जास्त तास लागतात, तेवढा वेळ कुणाला होता? पुढे मेटाक्रिटिकने लोकांच्या गुणांना सुरुवातीचे ३६ तास थांबवायचं ठरवलं. आपल्याकडे २६ जानेवारी २०२१ला आलेल्या 'फौजी' या गेमवर पब्जीप्रेमींनी एकेका ताऱ्याचा मारा केला.

पण राग म्हणजे खोटेपणा नव्हे. मे २०२४मध्ये स्टीमवर 'हेलडायव्हर्स टू' खेळणाऱ्यांवर सोनीने प्लेस्टेशन खात्याची सक्ती जाहीर केली. कित्येक देशांत असं खातं उघडण्याची सोयच नव्हती. दोन लाखांवर नकारात्मक अभिप्राय पडले आणि काही दिवसांतच सोनीने निर्णय मागे घेतला. तो आकडा गेमच्या दर्जाचा नव्हता, कंपनीच्या वागणुकीचा होता. आणि पैसे मोजणाऱ्याला तेही कळायला हवं. स्टीमवरचा तारीखवार आलेख अशी घसरण कधी झाली ते दाखवतो. ज्याच्या खात्यावर गेम आहे त्यालाच तिथे लिहिता येतं, आणि तो किती तास खेळला तेही दिसतं.

म्हणून रेटिंग वाचावंच, पण चार गोष्टी तपासून: प्रश्न काय विचारला होता, उत्तर कुणी दिलं, किती जणांनी दिलं आणि कधी दिलं. दहापैकी नऊ आणि दहा हजारांपैकी नऊ हजार, दोन्ही ९० टक्केच. भरवसा सारखा नाही. स्टीमही सर्वोच्च शेरा द्यायला ९५ टक्क्यांबरोबर किमान ५०० अभिप्राय मागतं. तुलना करायची तर एकाच दुकानातल्या, एकाच जातकुळीच्या, एकाच काळातल्या गेमांची करावी. आणि दहा-बारा हजारांचा फोन हातात असेल, तर सरासरी बाजूला ठेवून 'फोन तापतो', 'लॅग होतो' म्हणणारे दोन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचावेत. तुमच्या कामाची साक्ष त्यांचीच आहे.